सुट्टी की खाडा?



नाताळ आणि प्रजासत्ताक दिन हे दोन्ही ऊसतोडीच्या हंगामात येतात. आपण मिस्साला जमतो, झेंड्याला वंदन करतो, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. कारखान्यातील कायम कामगाराला २६ जानेवारीची भरपगारी सुट्टी असते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्याने त्या दिवशी विसावा घेतला, तर मुकादम 'खाडा' लावतो. जोडीच्या उचलीच्या हिशेबात ५०० रुपये किंवा अधिक दंड चढतो. २०१९ साली ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाला समिती नेमावी लागली. त्या दुःखामागे या खाड्याची भीतीही होती.

नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. या शब्दातच सारा अन्याय आहे. कोयता हे साधन आहे, त्याला विश्रांती लागत नाही. माणूस देवाची प्रतिमा आहे, तो कोणाचेही निव्वळ साधन होऊ शकत नाही.

म्हणूनच विश्रांतीची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. अनुवादाच्या ५व्या अध्यायात दास, दासी, परका आणि बैल यांचाही उल्लेख आहे. कारणही दिले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, हे विसरू नका.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतन आणि रविवारची विश्रांती हे कामगारांचे हक्क असल्याचे शिकवले. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी त्याच परंपरेची आठवण ठेवून हे नाव घेतले.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. पण हिशेब आपल्या दारापासून सुरू होतो. आपल्या दुकानात, शेतात, घरात सणाच्या दिवशी कोण राबते? आपल्या चर्चच्या सणाला मंडप कोण घालते, भांडी कोण घासते? त्यांना त्या दिवसाचा जादा मोबदला आणि बदली सुट्टी आपण देतो का? आपल्यापैकी कोणी मुकादम असेल, तर निदान रविवारी आणि आजारपणात त्याने खाडा लावू नये. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब बजावतात.

या आठवड्यात हा हिशेब आपण प्रत्येकाने मांडू या आणि फडावरच्या आपल्या बांधवांसाठी प्रार्थना करू या.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू