घरांत गाणें कोणाचें?



पतिपत्नींचें मन एक असावें, हें आपण लग्नाच्या प्रत्येक उपदेशांत ऐकत आलों आहों. परंतु त्यांचा कानही एक असावा काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शेताचा वाद, सोयरिकीचा वाद, पैशाचा वाद, ह्यांपुढें गाण्याचा वाद तो काय, असें आपणांस वाटतें. तथापि ज्यांनीं चार घरें जवळून पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, दिवेलागणीनंतर जी कुरबूर सुरू होते ती पुष्कळदां ह्याच गोष्टीवरून होते. तिला जुनें नाट्यगीत गोड लागतें, त्याला सिनेमाचें गाणें पाहिजे; त्याला भजन हवें, तिला गीत हवें. एकजण रेडिओ किंवा मोबाइल लावितो, आणि दुसरें माणूस कपाळाला आठी घालून ओट्यावर जाऊन बसतें. ह्या कुरबुरीचें मूळ काय, तिच्यांत दोष कोणता, आणि प्रीतीचें कर्तव्य काय, ह्याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, गाण्याची आवड इतर आवडींसारखी नाहीं. एकाला तिखट आवडतें व दुसऱ्याला बेताचें, तर एकानें वरून चटणी घेतली म्हणजे झालें. बायकोला हिरवें लुगडें आवडलें म्हणून तें नवऱ्याला नेसावें लागत नाहीं. डोळ्याला पापणी आहे. नको तें समोर आलें तर ती मिटतां येते. कानाला मात्र झांकण नाहीं. दोन खणांच्या घरांत एकानें लाविलेलें गाणें सर्वांनाच ऐकावें लागतें. आजारी म्हातारीला आणि अभ्यासाला बसलेल्या मुलालाही. म्हणून आवड कितीही निर्दोष असो, ती आवाजाच्या रूपानें बाहेर पडली कीं आपली एकट्याची राहत नाहीं. आणि जेथें दुसऱ्याचा संबंध आला तेथें नीतीचा प्रश्न आलाच. शेजाऱ्याच्या लाउडस्पीकरासाठीं सरकारनें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत तो लावण्यास सर्वसाधारणपणें मनाई केली. नवराबायकोमधल्या आवाजाला असा कायदा नाहीं. तेथें न्याय त्या दोघांनींच करावयाचा असतो.

आतां ही आवड येते कोठून, तें पाहूं. आपल्या मंडळ्यांतून नेहमीं दिसणारें उदाहरण घ्या. मुलगी बोर्डिंगांत वाढली. तेथें रोज सकाळीं ऑर्गनच्या साथीनें विलायती चालींचीं गीतें चार सुरांत गाइलीं जात. मुलगा खेड्यांत वाढला. त्याचा बाप शनिवारीं रात्रीं टाळ-मृदंगावर भजन करी, आणि पोरगा त्याच्या मांडीला टेकून ऐकतां ऐकतां झोंपीं जाई. दोघांचें लग्न झालें. ती म्हणते, "अहो, हा टाळांचा गजर पुरे करा, माझें डोकें उठलें." तो म्हणतो, "तुझीं तीं साहेबी गीतें ऐकलीं कीं मला झोंप येते." दोघांनाही वाटतें कीं आपण संगीताविषयीं मत देत आहों. वस्तुतः दोघेही आपल्या बाळपणाविषयीं बोलत असतात. तिच्या गीतांत तिची शाळा व तिच्या मैत्रिणी आहेत. त्याच्या टाळांत त्याचा बाप आहे. टाळाला कोणी हसलें कीं आपल्या बापालाच हसलें असें त्याला वाटतें. पण तें त्याला शब्दांनीं सांगतां येत नाहीं, म्हणून तो रागावतो. तिचेंही तसेंच.

ह्याचा अर्थ असा कीं, आवड कोणीं विचार करून निवडलेली नसते, आणि जें निवडलेलें नाहीं त्याबद्दल कोणाला दोषी धरणें न्यायाचें नव्हे. जी अडचण आज घरांत दिसते ती एके काळीं मंडळीपुढेंही होती. विलायती चालींवर बसविलेलीं गीतें आधींपासून चालत आलीं होतीं, पुढें रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंग, भजन व कीर्तन ह्या देशी वळणांना उपासनेंत मानाचें स्थान मिळवून दिलें. आज 'उपासना संगीत' ह्या एकाच पुस्तकांत दोन्ही प्रकारचीं गीतें आहेत. एका पुस्तकांत जें मावतें तें एका घरांत मावूं नये काय?

आणि "हें अस्सल, तें परकें" असा निकाल देण्याची ज्यांस घाई असते त्यांनीं पेटीची हकीकत ध्यानांत ठेवावी. पॅरिस शहरांत १८४२ सालीं अलेक्झांद्र दबँ ह्यांनीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें पायानें भाता चालवून वाजवावयाचें वाद्य होतें. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष ह्यांनीं त्याला असें रूप दिलें कीं जमिनीवर बसून एका हातानें भाता हालवावा व दुसऱ्या हातानें सूर धरावे. ह्या पेटींतून आपल्या रागांतील बारीक श्रुति व मींड निघत नाहीं म्हणून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ सालीं सैल झाली. आज खेड्यांतील भजनीमंडळाला पेटीवांचून चालत नाहीं, आणि ती विलायतेहून आली हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. मोठमोठ्या जाणत्यांचे निकाल तीस वर्षांत बदलतात; मग चुलीपाशीं बसून दिलेला निकाल कायमचा आहे असें आपण कां मानावें?

तर मग दोष कशांत आहे? पवित्र शास्त्रांत अशाच एका भांडणाची हकीकत आहे. ती शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत सांपडते. कराराचा कोश नगरांत येत असतां दावीद राजा वाद्यांच्या गजरांत देहभान विसरून नाचला. त्याची बायको मीखल हिनें तें खिडकींतून पाहिलें आणि तिच्या मनांत तिरस्कार उत्पन्न झाला. तो घरीं आला तेव्हां तिनें सामोरी येऊन टोमणा मारिला. त्यानेंही, आपण देवासमोर नाचलों हें सांगतां सांगतां, देवानें तुझ्या बापाला वगळून मला निवडलें, हें तिच्या वर्मीं लागेल असें सुनावलें.

ह्या अध्यायावर बोलतांना आपण बहुधा सर्व दोष मीखलेच्या पदरांत घालतों. परंतु ही तीच मीखल, जिनें आपल्या बापाच्या माणसांपासून वांचविण्यासाठीं दावीदाला खिडकींतून खालीं उतरविलें होतें. मध्यंतरीं बापानें तिला दुसऱ्याला देऊन टाकिलें. पुढें दावीदानें तिला परत मागवून घेतलें, तेव्हां तो दुसरा नवरा रडत तिच्या मागोमाग चालला होता. तिला काय वाटतें हें ह्या सर्व घडामोडींत कोणीं विचारल्याचें लिहिलेलें नाहीं. अशा स्त्रीला त्या दिवशींचा नाच गोड वाटला नाहीं तर त्यांत नवल काय? नाच न आवडणें हें पाप नव्हे. नावडीचा तिरस्कार झाला, आणि तिरस्काराला गर्वानें उत्तर मिळालें, तेथें तें घर मोडलें. त्यानंतर त्या दोघांचें एकमेकांशीं एकही बोलणें शास्त्रांत नमूद नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "मग काय, कोणतेंही गाणें निमूटपणें सोसावें?" तसें नव्हे. ज्या गाण्याचे शब्द स्त्रीजातीची विटंबना करतात, किंवा एखाद्या जातीला अगर गरिबाला हिणवितात, त्याविषयींचा आक्षेप हा आवडीचा आक्षेप नव्हे. तो इभ्रतीचा आहे, आणि तो स्पष्टपणें घ्यावा. परंतु बहुतेक कुरबुरींत असें कांहीं नसतें. तेथें आपली नुसती नावड नीतीचें पांघरूण घेऊन बसलेली असते. "हें वाईट आहे" असें म्हणण्यापूर्वीं, "हें मला परिचयाचें नाहीं" इतकेंच तर खरें नव्हे ना, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.

कित्येक नवरे म्हणतात, "मला सुरांतलें कांहींच कळत नाहीं, मी ऐकून काय करूं?" त्यांस इंग्लंडांतील एका घराची गोष्ट सांगतों. सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन व एमा वेजवुड ह्यांचें लग्न १८३९ सालीं झालें. एमाबाई पियानो उत्तम वाजवीत. डार्विनसाहेबांचा कान इतका कच्चा होता कीं, ओळखीची चाल जरा जलद किंवा सावकाश वाजविली तर ती त्यांस ओळखतां येत नसे. धर्माच्या बाबतींतही त्या दोघांच्या मतांत मोठें अंतर होतें, आणि तें एमाबाईंच्या मनाला लागून राहिलें होतें. असें असूनही डाउन नांवाच्या खेड्यांतील त्यांच्या घरीं संध्याकाळीं एमाबाई पियानो वाजवीत आणि डार्विनसाहेब कोचावर पडून ऐकत. पुढें १८७६ सालीं लिहिलेल्या आत्मवृत्तांत त्यांनीं खंत व्यक्त केली कीं, काव्य व संगीत ह्यांची आपली गोडी वयाबरोबर मरून गेली. पुन्हां जन्म मिळाला तर आठवड्यांतून एकदां तरी थोडें काव्य वाचण्याचा व थोडें संगीत ऐकण्याचा नेम आपण करूं. सूर ओळखतां येत नसलेल्या माणसालाही वाजविणाऱ्या माणसाजवळ बसतां येतें, एवढें ह्यावरून घ्यावें. ऐकण्याची शक्ति वापरली नाहीं तर ती आटते, हेंही घ्यावें.

परंतु आतांपर्यंत आपण असें धरून चाललों कीं, घरांत दोन आवाज आहेत व त्यांचें भांडण आहे. पुष्कळ घरांत ह्याहून बिकट स्थिति असते. तेथें भांडण नसतें, कारण आवाज एकच असतो. आपल्या आज्या-पणज्या पहांटे जात्यावर बसत आणि ओव्या गात. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं १९८० नंतरच्या काळांत महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून सहकाऱ्यांच्या साह्यानें अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेनें २०१७ पासून त्या लोकांपुढें मांडण्यास आरंभ केला. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, लेकरूं आहे, सासुरवास आहे, देव आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें, आणि त्याबरोबर गाण्याची ती वेळही गेली. बाईचें हें गाणें पहांटेच्या अंधारांत, घर झोंपेंत असतां झालें. दिवस उजाडल्यावर, "पहांटे तूं काय गात होतीस?" असें किती नवऱ्यांनीं विचारलें असेल? आमच्या घरांत गाण्यावरून कधीं तंटा होत नाहीं, असें जो घरधनी अभिमानानें सांगतो त्यानें पाहावें कीं, ती शांति एकमतानें आली आहे, कीं दुसऱ्या माणसानें गाणेंच सोडून दिलें आहे.

हल्लीं ह्यावर एक सोपा उपाय निघाला आहे. नवऱ्यानें आपल्या कानांत इअरफोन घालावा, बायकोनें आपल्या. झोंपलेल्या लेकराच्या दृष्टीनें तो फार सोयीचा आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु रोजची संध्याकाळ तशीच जाऊं लागली तर एका छपराखालीं दोन बिऱ्हाडें झालीं असें समजावें. तंटा मिटला, पण ओळखही तेथेंच थांबली.

मग करावें काय? पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या गाण्याची थट्टा करूं नये. चारचौघांत तर मुळींच नाहीं. दुसरी, खोटी आवड दाखवूं नये. "हें गाणें मला अजून गोड लागत नाहीं, पण तूं म्हणतेस तेव्हां ऐकावेंसें वाटतें," हें बोलणें खरेंही आहे आणि प्रेमाचेंही आहे. तिसरी, गाणें कसें आहे ह्याचा वाद सोडून, तें कोठून आलें हें विचारावें. कोणीं शिकविलें? तें प्रथम ऐकलें तेव्हां घरांत कोण कोण होतें? ह्या प्रश्नांनीं जें कळतें तें वीस वर्षांच्या संसारांतही कळलेलें नसतें. चौथी, वेळ वांटून घ्यावी: एक संध्याकाळ त्याची, एक तिची, आणि एक निवांतपणाची; कारण शांतता ही देखील कोणाची तरी आवड असते. पांचवी, आपलें गाणें मुकाट्यानें सोडून देऊं नये. असा त्याग वरून गोड दिसतो, पण तो बोलून दाखविलेला नसल्यामुळें आंत कढत राहतो, आणि एखाद्या दिवशीं भलत्याच कारणावरून उतूं जातो. सोडावयाचें तर सांगून सोडावें. म्हणजे दुसऱ्याला तें परत देण्याची संधि राहते.

शेवटीं उपदेशक बंधूंस एक विनंति. आपण घरभेटीस जातां तेव्हां प्रार्थनेपूर्वीं, "कोणतें गीत म्हणूं या?" असें विचारतां, आणि उत्तर बहुधा घरधनी देतो. पुढच्या भेटींत तोच प्रश्न घरधनिणीला विचारावा. ती पहिल्यांदां लाजेल, पदर सांवरील, "कोणतेंही म्हणा, दादा," असें म्हणेल. तेवढ्यावर पुढें जाऊं नये, थोडें थांबावें. तिनें गीत सांगितलें म्हणजे तें तिच्याच चालीवर म्हणावें, आणि घरधन्याला तें येत नसेल तर टाळ त्याच्या हातीं द्यावे.