गाडीत कोण बसले आहे?

१९७१ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच नावाचा एक शिकाऊ शिक्षक आठवीच्या मुलांना इतिहास शिकवत होता. १८४०च्या दशकात छपराच्या गाड्यांना बैल जोडून पश्चिमेकडे ओरेगॉनला निघालेल्या कुटुंबांचा तो धडा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या गणित शिकवणाऱ्या दोन मित्रांच्या मदतीने त्याने त्या धड्याचा संगणकावरचा खेळ केला. त्या संगणकाला पडदाही नव्हता. यंत्र कागदावर प्रश्न छापायचे आणि मुलांनी उत्तर टाईप करायचे. धान्य किती घ्यायचे, काडतुसे किती? शिकार करायची म्हणजे ‘बँग’ हा शब्द झटपट टाईप करायचा. मुले अक्षरशः रांगा लावून खेळली.

पुढे रॉविचने त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि आजारपण, वादळ, बैलांचे मरण खेळात किती वेळा यावे ते त्यांवरून ठरवले. ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ अमेरिकेतल्या पिढ्यांनी शाळेत खेळला. पुस्तकातली ओळ मूल वाचते आणि विसरते. पण कपड्यांवर पैसे वाचवले म्हणून थंडीत आपले माणूस गेले, हे ते विसरत नाही. निर्णयाला परिणाम असतो, हे शिकवायला खेळासारखे साधन नाही. वर्गात व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझे पटत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या गाडीत कोण बसले आहे?

गाड्या ज्या मुलखात निघाल्या होत्या तो ओसाड नव्हता. तिथे मूलनिवासी राहत होते. खेळात तेही भेटतात, कधी मदतीला, कधी धोका म्हणून. पण खेळणाऱ्या मुलाची जागा गाडीतच ठरलेली. गाडी पोहोचली की मूल जिंकले. ज्याच्या जमिनीवरून ती गेली त्याचे काय झाले, हा प्रश्न खेळात उद्भवतच नव्हता. वर्गात एखादे मूलनिवासी मूल असेल तर त्यालाही त्याच गाडीत बसून जिंकायचे होते.

मला हे पुस्तकात वाचून कळले असे नाही. चौथीत असताना स्नेहसंमेलनात प्रतापगडचा प्रसंग बसवला होता. अफझलखानाची भूमिका मला मिळाली. बाईंच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी हजेरीतली नावे वाचली आणि जागा वाटल्या. मी कापसाची दाढी लावून पडलो तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही आनंद झाला, कारण काम छान झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी ‘खान’ झालो. वर्षभर खेळ तोच, आणि मरायची पाळी माझीच.

खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, त्यांच्या पदरी काझी हैदर मुनशी होता. त्या लढाईतल्या जागा हजेरीपटासारख्या धर्मावरून वाटलेल्या नव्हत्या, हे कळायला मला कॉलेजात जावे लागले. नाटक एकदाच होते. संगणकावरचा खेळ शंभर वेळा होतो, आणि जागा कोणी वाटल्या हे विचारायला तिथे बाईही नसतात.

मग जागा बदलली की झाले का? तेवढ्यानेही भागत नाही. डेन्मार्कमध्ये शाळकरी मुलांसाठी गुलामांच्या व्यापारावर एक खेळ तयार झाला. त्यात मुलाची भूमिका जहाजावरच्या एका गुलाम पोराची होती. म्हणजे जागा पीडिताचीच. पण एका भागात गुलामांच्या आकृत्या टेट्रिसच्या ठोकळ्यांसारख्या जहाजात ठासून बसवायच्या होत्या. २०१५ साली त्यावर गदारोळ झाला आणि तो भाग काढून टाकण्यात आला. हे किती अमानुष होते ते मुलांना कळावे, असा निर्मात्यांचा खुलासा होता. मी तो खोटा मानत नाही. कर्माचे मोल नियतवर ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नियत करणाऱ्याच्या मनात असते. मुलाच्या हातात असतो तो फक्त ठोकळा. हात जे करतात ते मन शिकते. ठोकळे नीट बसले की मुलाला बरे वाटते, आणि कोणाच्या देहावर बरे वाटले हे विचारायला खेळ थांबत नाही.

उलट उदाहरणही त्याच मिनेसोटातले आहे. २०१९ साली ‘व्हेन रिव्हर्स वेअर ट्रेल्स’ हा खेळ आला. त्याच्या लेखनात अनेक मूलनिवासी लेखकांचा सहभाग आहे. त्यात १८९०च्या दशकातला एक अनिशिनाबे माणूस मिनेसोटातल्या आपल्या जमिनीवरून उठवला जातो आणि पश्चिमेकडे चालू लागतो. दिशा तीच, पण हा माणूस जमीन मिळवायला निघालेला नाही, गमावून निघालेला आहे. ‘ओरेगॉन ट्रेल’च्या २०२१च्या आवृत्तीतही मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेतला गेला आणि मूलनिवासी पात्रे होऊन खेळायची सोय झाली. अर्धे शतक लागले, पण जागा हलली.

खेळ वर्गात येऊ द्यावेत, जरूर येऊ द्यावेत. मात्र संगणक गुणांचा हिशेब ठेवतो, इन्साफाचा ठेवत नाही. तो हिशेब शिक्षकानेच ठेवायचा आहे. तास संपायच्या आधी दहा मिनिटे यंत्रे बंद करावीत आणि मुलांना विचारावे, तू कोण होतास? कोण व्हायला तुला आवडले नसते? ते तुला कोणी करायला लावले असते तर?

हा तिसरा प्रश्न चौथीच्या त्या वर्गात बाईंनी विचारला असता तर मी उत्तर दिले असते की नाही, सांगता येत नाही. पण माझ्या शेजारच्या मुलाने कदाचित मधल्या सुट्टीत म्हटले असते, आज खान मी होतो.