न आलेलं पत्र

२३ मार्च १९३३. बर्लिनची संसद महिन्याभरापूर्वी जळाली होती, म्हणून सभा क्रोल ऑपेरागृहात भरली. पुढ्यात विधेयक होतं : चार वर्षं कायदे संसदेनं नव्हे, सरकारनंच करायचे. राज्यघटनेला असा वळसा घालायचा तर दोन तृतीयांश मतं हवीत. आणि दहशत माजवूनही नाझींना त्या महिन्यातल्या निवडणुकीत ४३.९ टक्केच मतं पडली होती. राष्ट्रवादी मित्रपक्ष धरून साधं बहुमत, बस्स.

म्हणून कॅथलिकांच्या सेंटर पक्षाचा होकार हवा होता. हे लोक भाबडे नव्हते. ब्रूनिंग तर माजी चान्सेलर. पक्षाचे अध्यक्ष लुडविग कास हे धर्मगुरू आणि धर्मकायद्याचे जाणकार. कागदाची किंमत त्यांना कुणी शिकवायला नको होती. त्यांनी हिटलरशी बोलणी केली. आमच्या शाळांना हात लावू नका, चर्चचे हक्क राखा, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार शाबूत ठेवा. तोंडी सगळं कबूल झालं. लेखी पत्र? येतंय, वाटेत आहे.

मला त्या मागण्यांची यादीच जास्त बोलकी वाटते. निवडून आलेल्या ८१ कम्युनिस्टांपैकी एकालाही त्या दिवशी सभागृहात येता आलं नाही. बरेच जण तुरुंगात होते, बाकीचे भूमिगत. आपलं अंगण वाचवायला बसलेल्यांना त्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल अट घालावीशी वाटली नाही. शेवटी ते कम्युनिस्ट, देवाधर्माचे वैरी! त्यांचं झालं ते बरंच झालं, असंही काहींना वाटलं असेल.

ब्रूनिंग आणि आणखी काहींनी पक्षाच्या बैठकीत विरोध केला. पण पक्ष फुटू नये म्हणून मतदानाला तेही बाकीच्यांबरोबर गेले. गणवेशातले नाझी स्वयंसेवक भिंतींना लागून उभे असताना सोशल डेमोक्रॅट ओटो वेल्स यांनी विरोधाचं भाषण केलं, ते एकटेच. मतं पडली ४४४ विरुद्ध ९४. ती ९४ सगळी वेल्स यांच्याच पक्षाची.

पत्र आलं नाही. कास एप्रिलमध्ये रोमला गेले ते जर्मनीत परतलेच नाहीत. ५ जुलैला सेंटर पक्षानं स्वतःचं विसर्जन केलं आणि १४ जुलैला नाझींखेरीज दुसरा पक्ष काढणं हाच गुन्हा ठरला. तो कायदा करायला संसदेची गरजही पडली नाही.