गनची सुई

चि. भाच्यास,


फोनवर तू चिडला होतास. पुन्हा पिक गनची सुई मोडली आणि ‘मामा, माल फालतू आहे’ म्हणालास. असेलही. बाजारात मऊ पत्र्याच्या सुया येतात, त्या मोडण्याआधी वाकतात. तुझी मात्र न वाकता कट्कन गेली, म्हणजे पोलाद कडक होतं. तो तुकडा फेकला नसशील तर शेजारच्या घड्याळवाल्याकडून भिंग घे आणि मोडलेली कड बघ. एका बाजूला गुळगुळीत, मंद पट्टा आणि उरलेल्या भागात साखरेसारखा खरबरीतपणा दिसला, तर सुई त्या दिवशी मोडलेली नाही. तडा आधीच पडला होता, प्रत्येक ठोक्याला थोडा पुढे सरकत होता. त्या दिवशी फक्त उरलेलं सुटलं.

कुलूप उघडायची पिक गन ही मुळात हातोडी आहे. ट्रिगर ओढला की आतली स्प्रिंग दबते, सुटते आणि सुईला टोला बसतो. सुई वर उसळून कुलपातल्या सगळ्या खालच्या पिनांना एकदम ठोकते. कॅरममध्ये दोन सोंगट्या चिकटून असल्या आणि स्ट्रायकर बसला, की टोला बसलेली जवळजवळ जागेवर राहते आणि तिच्यापलीकडची पळते. इथेही खालची पिन राहते, वरची उसळते, क्षणभर मध्ये फट पडते आणि टेन्शनवर, म्हणजे सिलिंडर फिरवायच्या पट्टीवर, हलका हात असेल तर सिलिंडर फिरतो. यात जोर फारसा लागत नाही. गनवरचं जोराचं चक्र तू पहिल्यापासून घट्ट पिळतोस, हे मी दिवाळीत पाहिलंय. जोर जास्त झाला की दोन्ही पिना एकत्र उसळतात, फट पडत नाही, आणि सुई किल्लीच्या खाचेच्या छताला आपटते. चक्र सैल ठेवून सुरुवात कर, कुलूप मागेल तेवढंच वाढव.

टेन्शनचंही तेच. तिथे हात जड पडला की पिना जखडतात. मग ठोका पिनेत न जाता सुईतच परत येतो. सुई पिनांच्या रांगेला समांतर हवी, टोक खाचेच्या मागच्या भिंतीला टेकता कामा नये. हे बरोबर जमतंय का ते सुईच सांगते. काम झाल्यावर तिची वरची कड उजेडात धर. पितळी पिनांचा पिवळा माग तिथे उमटलेला असतो. तो सगळ्या पिनांच्या जागी दिसला तर उत्तम. नुसता टोकाशी दिसला तर तू गन तिरकी धरतोस आणि एकच पिन सगळा मार खाते.

आणि गन काढण्याआधी कुलूप ओळख. लायनस येल धाकटा याने १८६१ मध्ये पेटंट घेतलेलं पिनांचं सिलिंडर, त्याच जातीला ही गन चालते. आपल्याकडच्या दाराला लटकणारी बरीच कुलपं लीव्हरची. अलिगढची जुनी पितळी घे किंवा गोदरेजचं नवताल घे. लीव्हरच्या पट्ट्या ठरावीक उंचीवर एकत्र उचलाव्या लागतात. तिथे दोन तुकड्यांची पिनच नाही, मग फट कुठून पडणार? तिथे गन टकटकवणं म्हणजे सुईचं आयुष्य फुकट घालवणं. गिऱ्हाइकापुढे हवेत ट्रिगर ओढून दाखवायची हौसही सोड. अडवायला पिन नसली की तो टोला सगळा सुईच्या मानेवरच बसतो.

मान म्हणजे जिथे जाड दांडा संपून पातळ पाती सुरू होते. बहुतेक सुया तिथेच जातात. तिथे आडवा ओरखडा राहिला की तडा तिथूनच धरतो. म्हणून कानस मारायचीच तर आडवी नाही, लांबीच्या दिशेने. कडेला आलेली बर बारीक पॉलिश पेपरने काढ, नाहीतर तीच गिऱ्हाइकाचं कुलूप आतून खरवडते. ग्राइंडर लावायचाच झाला तर क्षणभर टेकव आणि पाण्यात बुडव. पोलादावर पिवळसर आणि मग निळी झाक आली की पाणी उतरलं समज, ती सुई पुढे वाकतच राहणार. गनमध्ये सुई धरणारा स्क्रू रोज तपास. सैल राहिला तर सुई आत थरथरते आणि धरलेल्या जागीच तुटते.

तुझ्या रत्नागिरीत मात्र खरा वैरी खारी हवा. स्टेनलेसलाही ती सोडत नाही, सुईवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते आणि तडा त्याच खड्ड्यातून सुरू होतो. काम झाल्यावर सुई कोरड्या फडक्याने पूस, मशीनच्या तेलाचा नुसता हात फिरव आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेव. ओल्या पिशवीत पान्यांबरोबर टाकायची नाही. बंदराजवळच्या घरांत पिना आत गंजून चिकटलेल्या असतात. वर लोकांनी खोबरेल ओतलेलं असतं, ते चोविसेक अंशांखाली थिजतं, त्यात धूळ बसते. अशा कुलपात आधी डब्ल्यूडी-४० मारून, थांबून, पिना हलत्या कर. न हलणाऱ्या पिनेवर किती का ठोकेनास, ती हलणार नाही. सुई तेवढी जाईल.

टोक आत मोडलंच तर गिऱ्हाइकाला लगेच सांग आणि काढून दे, त्याचे पैसे लावू नकोस. आणि दार त्याचंच आहे ना, हे आधार कार्डावरचा पत्ता बघून किंवा शेजाऱ्याला विचारून ठरवल्याशिवाय पिशवीच उघडू नकोस. घाईत असलेला माणूस या प्रश्नावर कुरकुरतो. कुरकुरू दे.

एसटीच्या पार्सलने चार सुया पाठवल्यात, दोन पातळ, दोन जाड. अरुंद खाचेला पातळ, बाकी कामाला जाड. जुन्या मोडक्या टाकू नकोस. टोकाला पाण्यात बुडवत बुडवत बारीक आकडा घास, कुलपात तुटलेली किल्ली ओढून काढायला त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा