आषाढातली ज्वारी

परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा मोंढा कापसासाठी नावाजलेला. तालुक्याचा पीकनकाशा पाहिला तर कापूस आणि सोयाबीनच डोळ्यांत भरतं. दोन्ही पिकं विकायची. ज्वारीनं माणसाला भाकर दिली आणि जनावराला कडबा. पऱ्हाटी मात्र जळणालाच जाते. त्यामुळे शिवार हिरवंगार दिसलं तरी घरात दाणा आहे की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. कोणतं घर पिकवून खातं, कोणतं विकत घेऊन, कोण रेशनवर चालवतं आणि कोण ऊसतोडीला कोयता घेऊन गाव सोडतं, याचाही नकाशा काढायला हवा.

अमर्त्य सेन यांनी 1981 साली 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं : धान्य होतं, पण भाव चढले आणि मजुराची मिळकत तोकडी पडली. पुढे अनेक देशांत उपजीविकेनुसार प्रदेश पाडून नकाशे झाले. आपल्याकडे स्वामिनाथन प्रतिष्ठानानं 2001 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाच्या साथीनं ग्रामीण भारतातल्या अन्न-असुरक्षिततेचा नकाशासंग्रह काढला. काम मोलाचं, पण तुलना राज्याराज्यांची. त्यात सेलू कुठून दिसणार?

दसऱ्यानंतर कापूस वेचणारी बाई पाहा. कमरेला ओटी, बोटांना बोंडांचे ओरखडे, संध्याकाळी काट्यावर वजन आणि किलोमागे मजुरी. त्याच पैशातून पीठ-मीठ. अवकाळी पावसानं कापूस भिजला की तिची चूल त्याच आठवड्यात अडते. शेतमालकाची ओढाताण ज्येष्ठ-आषाढात : गाठीचे पैसे बियाणं-खतात जातात, आणि नेमकी तेव्हाच घरची ज्वारी संपलेली असते. दुधना नदीच्या कालव्याखालचं रान आणि माळावरचं रान यांचं दुखणंही एक नाही.

परभणीसह 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून रेशनवर 2 रुपये किलोनं गहू, 3 रुपये किलोनं तांदूळ मिळायचा. 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये रोख ठरले. धान्य महागलं की त्या रकमेत कमी दाणे येतात, आणि ज्यांची ज्वारी संपलेली असते त्यांनाच ते आधी जाणवतं. ही घरं नेमकी कोणती, हे शोधायला उपग्रह लागत नाही. अंगणवाडीताई, रेशन दुकानदार, मुकादम आणि वेचणीच्या चार बाया एका ओट्यावर बसल्या, बारा महिने ओळीनं मांडले, तर एका दिवसात गावाचा नकाशा तयार होईल. सुरुवात आषाढापासून करावी.