पाहुणा, गडी की घरचा?

दर वर्षी दृढीकरण संस्कार झाला की आपल्या युवा मंडळाच्या वहीत नवी नावे चढतात. काही दहावी-बारावीची मुले-मुली असतात, काही नव्या इमारतींत राहायला आलेल्या कुटुंबांतली. पहिल्या सभेला हॉल भरतो. पुढे गव्हाणी बांधायचे दिवस येतात तेव्हा ह्यांतली बरीच नावे वहीतच राहिलेली असतात, माणसे दिसत नाहीत. मग आपण कारणे शोधतो. क्लास, मोबाईल, लोकलची गर्दी, घरच्यांनाच चर्चची ओढ राहिली नाही, वगैरे. ही कारणे खोटी नाहीत. पण हीच मुले ह्याच मोबाईलसह, ह्याच क्लासमधून वेळ काढून क्रिकेटच्या संघात वर्षानुवर्षे टिकतात. तेव्हा प्रश्न त्यांच्या वेळेचा नसून आपल्याकडे त्यांना कोणती जागा मिळते ह्याचा आहे, असे आम्हा युवकांबरोबर काम करणाऱ्यांना वाटते.

पाहुणचारात आपण वसईकर कधी कमी पडलो नाही. मंडळातही नव्या मुलाला पहिल्या रविवारी टाळ्या मिळतात, फूल मिळते, चहा आणि वडापाव मिळतो. हे सारे मनापासून असते. पण पाहुण्याला आपण काय करू देत नाही तेही पाहावे. त्याला भांडी घासू देत नाही, घरातला वाद त्याच्यासमोर काढत नाही आणि वाडीतले झाड तोडायचे की ठेवायचे हे त्याला विचारत नाही. पाहुणा शहाणा असला तर तिसऱ्या दिवशी आपणहून पिशवी उचलतो. मंडळातला पाहुणाही तेच करतो. त्याला कोणी जा म्हटलेले नसते, तो राहिला काय नि गेला काय, कशातच फरक पडणार नाही एवढे त्याच्या लक्षात आलेले असते.

दुसरी रीत ह्याच्या उलट. नव्याला पहिल्याच आठवड्यात कामाला जुंपायचे. खुर्च्या लाव, मंडपाला दोर बांध, पत्रके वाट. नाटकात भूमिका जुन्यांच्या, पडदा ओढायला नवा. तो येतो, राबतो, घामाघूम होतो. पण नाटक कोणते करायचे हे ठरले तेव्हा तो तिथे नव्हता. आता तर हे ठरवणे हॉलमध्येही होत नाही. मंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो चाळीस जणांचा, त्यावर फक्त सूचना येतात. आणि आणखी एक असतो आठ-नऊ जणांचा, तिथे सगळे ठरते. नव्याला पहिल्या ग्रुपवर जोडले की आपण त्याला सामावून घेतले असे आपल्याला वाटते. दुसरा ग्रुप आहे हे त्याला महिन्याभरात कळतेच. वाडीतल्या गड्याला मालकाच्या घरात काय शिजते ते नेहमीच कळते.

इथे जुने सभासद एक प्रश्न विचारतात आणि तो टाळण्यासारखा नाही. 'आम्ही मित्र आहोत. लहानपणापासून एका आळीत वाढलो, एकत्र पहिली कम्युनियन घेतली. मित्रांनी एकत्र बसून गप्पा मारल्या तर त्यात पाप काय? आणि अनोळखी माणसावर हुकमाने प्रेम करता येते का?'

पाप काहीच नाही. हुकमाने मैत्री होत नाही हेही खरे. पोप लिओ चौदावे ह्यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्यांना संतपद दिले ते ट्युरिनचे तरुण पिएर जॉर्जिओ फ्रासाती ह्यांचे उदाहरण पाहू. १९२४ मध्ये त्यांनी आपल्या मोजक्या मित्रमैत्रिणींचा एक गट केला होता. त्याचे नाव थट्टेचे होते, मराठीत 'संशयास्पद मंडळी' म्हणता येईल असे. डोंगर चढायचे, प्रार्थना करायची, एकमेकांची चेष्टा करायची. म्हणजे संतांचाही आपला एक कंपू होता! पण त्याच्या कितीतरी आधी, १९१८ पासून, ते संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद होते आणि तिच्या कामासाठी गरिबांच्या घरी जात होते. कोणाच्या दारी जायचे ते तिथे मैत्रीवर ठरत नव्हते. ४ जुलै १९२५ रोजी अवघ्या चोविसाव्या वर्षी ते वारले. अंत्यविधीला ट्युरिनमधले इतके गरीब लोक लोटले की घरच्यांनाच आश्चर्य वाटले. मित्रांचा गट एका जागी आणि ख्रिस्तसभेच्या नावाने चालणारे काम दुसऱ्या जागी. त्यांनी दोन्ही केले आणि एकाला दुसऱ्याचे नाव दिले नाही.

आपली गफलत इथेच होते असे आम्हाला वाटते. दहा मित्रांनी आपला गट करून तुंगारेश्वरला सहलीला जावे, त्याला कोणाची हरकत नाही. पण त्याच दहा जणांनी चर्चचा हॉल, चर्चचा माईक, सणाच्या दिवसाचा मंच आणि धर्मग्रामाचे नाव वापरले की तो गट त्यांच्या मालकीचा राहत नाही. युवा मंडळ धर्मग्रामाचे आहे आणि धर्मग्रामात प्रवेश स्नानसंस्काराने मिळतो, मंडळाच्या मर्जीने नाही. तेव्हा 'नवा सभासद' हा शब्दच नीट तपासून पाहावा लागेल. मंडळाच्या वहीत तो नवा असेल. त्याचा हक्क मात्र मंडळ स्थापन होण्याच्या आधीचा आहे, तो द्यायला किंवा नाकारायला आपल्या हातात नाही. मैत्री त्याला आपण देणे लागत नाही. जागा देणे लागतो. पुढे मैत्री झालीच तर ती देवाची कृपा.

जुन्यांचे आणखी एक दुःख असते आणि ते प्रभू येशूने द्राक्षमळ्याच्या दाखल्यात फार जवळून ओळखले आहे. पहाटेपासून राबलेल्या मजुरांची तक्रार आपल्याला कमी मिळाले अशी नव्हतीच. पाच वाजता आलेल्यांना मालकाने आपल्या बरोबरीचे केले, हे त्यांना लागले. मंडळातही असेच असते. पाच वर्षे भर पावसात सणाचा मंडप ज्यांनी उभारला त्यांना काल आलेल्या मुलीने 'हे असे का करता, तसे करा ना' म्हटले तर टोचते. मालकाने त्यांचे कष्ट नाकारले नाहीत, ठरलेला दिनार पुरता दिला. पण आपल्या बाबतीत दाखला थोडा अपुरा पडतो हेही कबूल करायला हवे. मजुरांचा दिनार कमी झाला नाही, जुन्या सभासदांचे मात्र खरोखर काही जाते. बारा जणांची सभा आणि तीस जणांची सभा सारखी नसते. जुने विनोद चालत नाहीत, प्रत्येक गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागते. हे नुकसान आहे आणि स्वागत करणाऱ्यानेच ते सोसायचे आहे. ज्या स्वागतात आपले काहीच जात नाही ते पाहुणचारापुरतेच राहते.

भाषेच्या बाबतीत हे आपल्याकडे रोज दिसते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती. त्या इमारतींतून आपल्या चर्चमध्ये येणारी कित्येक कुटुंबे कोकणी, मल्याळी, तामिळ किंवा इंग्रजी बोलणारी आहेत. आपली मुले सभा मराठीत सुरू करतात आणि रंगात आली की सामवेदी नाहीतर वाडवळी बोलीत शिरतात. बोली आपली आहे, गोड आहे, ती टिकलीच पाहिजे. पण अख्खा हॉल हसतो आणि दोघी-तिघी नुसत्या हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतात, तेव्हा त्या हसण्याचा अर्थ त्यांच्यापुरता एकच होतो.

यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेतही भाषेवरून कुरकुर झाली होती. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार. प्रेषितांनी गोड शब्दांत समजूत काढून विषय मिटवला नाही. त्यांनी सात जणांना निवडायला सांगितले आणि वाटपाचे कामच त्यांच्याकडे सोपवले. त्या सातांची नावे प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आहेत. स्तेफन, फिलिप आणि पुढची सगळीच नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या माणसांच्या हाती डाव दिला गेला, असे म्हणायला जागा आहे.

त्याच ग्रंथात बर्णबा आहे. आम्हाला विचाराल तर युवा मंडळांनी त्यालाच आपला आश्रयदाता करावे. शौल दिमिष्काहून यरुशलेमला आला तेव्हा शिष्यांत मिसळू पाहत होता आणि सगळे त्याला भीत होते. भीती बिनबुडाची नव्हती. स्तेफनच्या हत्येला ह्याची संमती होती. बर्णबाने त्याला जवळ केले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्याविषयी आपला शब्द खर्ची घातला. बहुतेक प्रवचने इथे थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे. अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबा स्वतः तार्ससला गेला, शौलाला शोधून घेऊन आला आणि दोघांनी वर्षभर एकत्र काम केले. सुरुवातीला ग्रंथात 'बर्णबा व शौल' असे येते. पुढे पुढे बहुतेक ठिकाणी 'पौल व बर्णबा' असे येऊ लागते. आणलेला माणूस पुढे गेला आणि आणणारा मागे राहिला. बर्णबाने त्याबद्दल कुरकुर केल्याचे कुठे दिसत नाही. मंडळाच्या माजी अध्यक्षांनी ही नावांची अदलाबदल एकदा बायबल उघडून जरूर पाहावी.

आणि मग मार्क. हा तरुण पहिल्या प्रवासात अर्ध्या वाटेवरून घरी परतला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ. पौल म्हणाला, सोडून गेलेल्याला नको. बर्णबाच्या शब्दावर ज्याला एकदा आत घेतले गेले होते तोच आता दाराशी उभा राहून दुसऱ्याला अडवत होता! (मार्क बर्णबाचा नातलग होता, तेव्हा पौलाला ही वशिलेबाजी वाटली असेल तर नवल नाही.) वाद इतका विकोपाला गेला की दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्कला बरोबर घेतले आणि सायप्रस गाठले. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल मार्कला घेऊन यायला सांगतो, तो आपल्या उपयोगी आहे म्हणतो. आपल्याकडेही असे मार्क असतात. कोर्स, बोटीवरची नोकरी, घरचे आजारपण ह्यांमुळे दोन वर्षे दिसले नाहीत आणि मग एका रविवारी मागच्या बाकावर येऊन बसले. 'इतके दिवस कुठे होतास?' हा प्रश्न आपण थट्टेत विचारतो, पण ऐकणाऱ्याला त्यात झडतीचा वास येतो.

आपले संत गोन्सालो गार्सिया ह्यांचीही गोष्ट ह्या नजरेने वाचण्यासारखी आहे. वसईत जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे राबला. त्याला त्या संघात प्रवेश हवा होता, तो मिळाला नाही. काम होते, जागा नव्हती. मग त्याने व्यापार केला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर म्हणून स्वीकारले. १५९३ मध्ये तो दुभाषा म्हणून जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण पावला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भाषा त्याला आधीही तीच येत होती, श्रद्धाही तीच होती. त्याचा सण आपण मोठ्या अभिमानाने साजरा करतो, तेव्हा मधल्या त्या वर्षांकडेही एकदा पाहावे.

ह्यातून मंडळासाठी काही साध्या गोष्टी निघतात. पहिल्या रविवारपेक्षा दुसऱ्या रविवारी नव्या मुलाशी बोलणे जास्त मोलाचे, कारण पहिल्या दिवशी सगळेच बोलतात. त्याच्या आळीतला किंवा इमारतीतला एक जण त्याच्याबरोबर चर्चला यावा. जिथे निर्णय होतात तो ग्रुप एकच असावा. बोलीतला विनोद झाला तर शेजारी बसलेल्याने तो मराठीत सांगावा, निम्मी गंमत गेली तरी चालेल.

ह्या वर्षी गव्हाणीच्या खर्चाची वही आणि सामानाच्या कपाटाची चावी दोन नव्या सभासदांकडे द्यावी, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवली आहे. 'हिशेब चुकला तर?' असे लगेच कोणीतरी विचारले. चुकला तर पुन्हा बेरीज करता येईल, शिवाय जुने खजिनदार शेजारी बसणारच आहेत. गव्हाणीची पहिली सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आहे. मागच्या वर्षीचा आराखडा भिंतीवर लावलेला नसेल, कोरा कागद असेल. मार्कर मंडळाकडे आहेत.