परवाना कोणास आणि कशाचा?

फैजपुराकडील एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न घातला आहे. ता. १९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वेश्याव्यवसायांतील स्त्रियांविषयीं कांहीं निर्देश दिले. तेव्हांपासून सरकारनें हा धंदा कायदेशीर केला अशी बोलवा गांवोगांवीं आहे. मंडळींतील कित्येक म्हणतात, बरें झालें, परवाने दिले म्हणजे रोगराई तरी आटोक्यांत राहील. कित्येक म्हणतात, सदोमांत ह्याहून निराळें काय होतें? ह्या वादांत ख्रिस्ती मनुष्यानें कोणती बाजू घ्यावी, असें ते विचारतात. आणि पत्राच्या शेवटीं, जणूं सहज आठवलें म्हणून, त्यांनीं लिहिलें आहे कीं, बाजारपेठेच्या एका गांवीं ह्याच धंद्यावर पोट भरणारी एक बाई आपल्या दोन लेकरांसह तीन महिने दर रविवारीं उपासनेस येते व ओसरीवर बसते. आणि तिला बाप्तिस्म्याच्या वर्गांत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून वडीलमंडळींत फूट पडली आहे.

आमच्या मतें पत्राचा खरा विषय त्याच्या शेवटींच आहे. तथापि पहिल्या प्रश्नास बगल देणें योग्य नव्हे.

न्यायालयानें धंद्यास परवाना दिलेला नाहीं. पोलिसांनीं ह्या स्त्रियांशीं माणुसकीनें वागावें, त्यांना शिवीगाळ व मारहाण करूं नये. वर्तमानपत्रांनीं त्यांचीं नांवें व छायाचित्रें छापूं नयेत. ज्या प्रौढ स्त्रियांना सुधारगृहांत त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवलें आहे त्यांची पाहणी करून त्यांना सोडावें. त्यांना आधारपत्र मिळण्याची सोय करावी, असें तें सांगणें आहे. १९५६ सालचा कायदा, ज्यास १९८६ सालीं नवें नांव मिळालें, तो तसाच उभा आहे. कुंटणखाना चालविणें, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणें, रस्त्यावर गिऱ्हाइकास खुणावणें, हे त्या कायद्यानें आजहि गुन्हे आहेत. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०२० सालीं तीन स्त्रियांना सुधारगृहांतून मुक्त करतांना स्पष्ट म्हटलें कीं, केवळ वेश्यावृत्ति हा ह्या कायद्यांत गुन्हाच नाहीं. ह्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. कायद्याचा रोख प्रथमपासून दलालावर असावयाचा होता. प्रत्यक्षांत तो कोणावर पडला? खुणावण्याच्या त्याच गुन्ह्यास कायद्यांत स्त्रीला पहिल्या वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, व पुरुषानें तो केल्यास तीन महिन्यांपर्यंत. वाचकांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा.

तर ह्या वादांत दोन निराळ्या गोष्टी एका गांठोड्यांत बांधल्या गेल्या आहेत. त्या स्त्रीस शिक्षा करूं नये ही एक, आणि धंद्यास सरकारी परवाना द्यावा ही दुसरी. पहिली कबूल करणाऱ्यानें दुसरी कबूल केलीच पाहिजे असें नाहीं. आम्ही पहिलीच्या बाजूचे व दुसरीच्या विरुद्ध आहोंत.

परवान्याचा प्रयोग आमच्या देशांत होऊन गेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १८६८ सालीं इंग्रज सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. मुंबई शहरांत तो १८७० सालीं लागू झाला, दोन वर्षांनीं बंद पडला, १८८० सालीं पुन्हा सुरू झाला आणि १८८८ सालीं कायमचा रद्द झाला. त्या कायद्यानें वेश्यांचीं नांवें सरकारी वहींत चढत. ठरल्या दिवशीं त्यांस डॉक्टरापुढें तपासणीस जावें लागे. रोग आढळल्यास बरें होईपर्यंत इस्पितळांत कोंडलें जाई. न गेल्यास दंड किंवा तुरुंग. पुरुषाचें नांव मात्र कोणत्याहि वहींत नव्हतें, आणि त्याची तपासणी ह्या कायद्यानें होत नसे. गोठ्यांत खुरकूत शिरली असतां गाई तेवढ्या वेगळ्या बांधाव्या आणि बैल मोकळे सोडावे, असा हा प्रकार. कोणताहि शेतकरी असें करणार नाहीं. सरकारनें तें वर्षानुवर्षें केलें. शिवाय ज्या गरीब बाईचें नांव एकदां वहींत चढलें, तिला मोलमजुरीकडे परत येणें पूर्वीपेक्षां कठीण झालें, कारण आतां तिच्या लाजेवर सरकारचा शिक्का होता.

ह्याविरुद्ध जे उठले त्यांत आमच्याच विश्वासाच्या स्त्रिया पुढें होत्या. इंग्लंडांत एका पाळकाच्या पत्नी जोसेफाइन बटलर बाई ह्यांनीं तेथील अशाच कायद्याशीं झुंज दिली व १८८६ सालीं तो रद्द करविला. हिंदुस्थानांत कायदा गेला, तरी लष्करी छावण्यांत तीच पद्धत गुपचूप चालू राहिली. डॉ. कॅथरीन बुशनेल व एलिझाबेथ अँड्र्यू ह्या दोन अमेरिकन बाया १८९२ च्या सुमारास छावण्याछावण्यांतून हिंडल्या, त्या स्त्रियांपाशीं बसून त्यांनीं त्यांच्या हकीकती लिहून घेतल्या, आणि १८९३ सालीं लंडनांत साक्ष दिली. सेनापति लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांनीं प्रथम सर्व नाकारलें होतें. पुढें त्यांना माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं मुक्तिसदनाजवळ कृपासदन उघडलें, तेंहि अशाच स्त्रियांसाठीं. त्यांनीं वही ठेवली नाहीं, घर बांधलें.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें नीट ऐकलें पाहिजे, कारण तें हलकें नाहीं. सांगलीस १९९६ सालीं वेश्या अन्याय मुक्ति परिषद स्थापन झाली. ती ह्याच स्त्रियांची संस्था आहे. त्या म्हणतात, धंदा चोरटा राहिला म्हणजे दलाल मारतो, गुंड लुटतो, आणि फिर्याद द्यावी तर आरोपी आपणच ठरतो. हें खरें आहे. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्यासुद्धां सरकारी परवाना मागत नाहींत. वहींतलें नांव त्यांनाहि नको आहे. आपणांस गुन्हेगार समजूं नये एवढीच त्यांची मागणी. परदेशांत दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आहेत: हॉलंडनें २००० सालीं कुंटणखान्यांवरील बंदी उठविली, स्वीडननें त्याच्या एक वर्ष आधीं, १९९९ पासून, स्त्रीस मोकळें सोडून विकत घेणाऱ्या पुरुषास गुन्हेगार ठरविलें. कोणती वाट कितपत फळास आली ह्यावर विद्वानांचें भांडण संपलेलें नाहीं. आमचें मन स्वीडनकडे झुकतें. परंतु सांगलीच्या स्त्रिया त्यासहि विरोध करतात, कारण गिऱ्हाईक भ्यालें म्हणजे तें त्यांना अधिक अंधारांत नेतें. ह्या आक्षेपास आमच्यापाशीं पुरें उत्तर नाहीं, हें आम्ही कबूल करतों.

पण ही वृत्ति इतर कामांसारखीच एक काम आहे, असें जेव्हां म्हटलें जातें, तेव्हां आम्ही थांबतों. शरीर हें देवाचें मंदिर आहे असें पौल करिंथकरांस शिकवितो, आणि बहुतेक उपदेशक तो अध्याय काढून त्या स्त्रियांवर प्रवचन करतात. अध्याय पुन्हा वाचावा. तेथें पौलाचा रोख वेश्येवर नाहीं. तिच्याकडे जाणाऱ्या मंडळींतल्या पुरुषांवर आहे.

उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायांतील यहूदाची गोष्ट उपासनेंत फारशी वाचली जात नाहीं, लाज वाटते. त्याची विधवा सून तामार, जिला त्यानें वचन देऊन फसविलें होतें, ती बुरखा घेऊन वाटेवर बसली. यहूदानें तिला वेश्या समजून आपली मोहर, गोफ व काठी गहाण ठेवली. तीन महिन्यांनीं ती गरोदर असल्याचें कळतांच, तिला बाहेर काढून जाळा, असा हुकूम त्यानेंच सोडला. तिनें गहाण परत पाठविलें. तेव्हां, ती आपल्यापेक्षां अधिक नीतिमान आहे, असें त्याला सर्वांसमक्ष म्हणावें लागलें. मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत तामारेचें नांव लिहिलें आहे, आणि थोडें पुढें यरीहोच्या राहाबेचेंहि.

फैजपूर, सावदा, रावेर ह्या पट्ट्यांतून केळीच्या गाड्या उत्तरेकडे जातात. त्या गाड्या भरणारे, हांकणारे व त्यांच्या धन्यांचे हिशेब लिहिणारे, ह्यांत आमचेहि लोक आहेत. रस्त्यांच्या कडेस जो बाजार भरतो त्यांत गिऱ्हाईक कोण, हें मंडळीनें कधीं विचारलें नाहीं. ओसरीवर बसलेल्या बाईस मात्र तीन महिने विचारलें जात आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचें उत्तर असें: तिला वर्गांत घ्यावें, आणि येत्या रविवारीं आंत बसवावें. बाप्तिस्मा केव्हां द्यावा हें पाळक तिच्याशीं बोलून ठरवितील. तो प्रश्न वर्गाच्या दाराशीं सोडवावयाचा नाहीं. धंदा सोडून ये असें वडील म्हणतात. तसें म्हणण्यापूर्वीं, सोमवारीं सकाळीं ती कोणाच्या शेतांत कामास जाईल, आणि घरमालकिणीचें कांहीं देणें असेल तर तें किती व कसें फेडावें, हें त्यांनीं सांगावें. दोघा-तिघा वडिलांनीं मिळून एका हंगामाची मजुरी पत्करली तर हें अशक्य नाहीं. लेकरांचीं नांवें शाळेंत घातलीं आहेत कीं नाहींत, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. तें पुढील पत्रीं अवश्य कळवावें.